लिव्हरपूलमध्ये वर्षानुवर्षं टिकलेले खेळाडू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबची स्थापना 1892 सालची. तेव्हापासून किती चषक आले आणि किती गोल झाले, त्यांच्या याद्या कुठेही मिळतात. मला त्याहून जास्त कौतुक वाटतं ते दहा-दहा, पंधरा-पंधरा हंगाम ज्यांची नावं संघाच्या यादीतून हललीच नाहीत अशा खेळाडूंचं. त्यांच्याबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

लिव्हरपूलकडून सर्वांत जास्त सामने कोण खेळलं?

इयान कॅलाहन, 857 सामने. त्याच्यामागे जेमी कॅरागर (737) आणि स्टीव्हन जेरार्ड (710). चौथ्या जागेवर दोघं बरोबरीत आहेत, गोलरक्षक रे क्लेमन्स आणि एमलिन ह्यूज, प्रत्येकी 665. पुढे इयान रश 660, फिल नील 650, टॉमी स्मिथ 638, ब्रूस ग्रोबलार 628 आणि ॲलन हॅन्सन 620.

या दहा जणांत कॅलाहन, स्मिथ, कॅरागर आणि जेरार्ड हे चौघं लिव्हरपूलच्याच परिसरातले, क्लबच्याच हाताखाली वाढलेले. बाकीचे सहा विकत घेतलेले, पण कुठून? स्कनथॉर्प, ब्लॅकपूल, चेस्टर, नॉर्दम्प्टन, पार्टिक थिसल आणि ग्रोबलार तर थेट कॅनडातल्या व्हँकूव्हरहून. एकही जण गाजलेला तारा म्हणून आलेला नव्हता. क्लेमन्सला 1967 मध्ये फक्त 18 हजार पौंडांना घेतलं होतं.

या आकड्यांत कोणते सामने धरतात?

लीग, एफए कप आणि लीग कप (या दोन्ही इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धा), युरोपीय स्पर्धा आणि असे इतर अधिकृत सामने. मैत्रीपूर्ण लढती धरत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रादेशिक पातळीवर खेळले गेलेले सामनेही धरत नाहीत. या एका नियमामुळे काही खेळाडूंवर मोठा अन्याय झाला आहे. बिली लिडेलबद्दल पुढे लिहिलं आहे, त्यात ते येईल.

कॅलाहन पहिल्या नंबरवर आहे, मग त्याचं नाव इतकं कमी का ऐकू येतं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त आवडतो, कारण उत्तर देताना त्याची अख्खी कारकीर्द सांगता येते.

कॅलाहनचा जन्म 1942 चा, लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागातला. 16 एप्रिल 1960 रोजी ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्ध तो पहिल्यांदा खेळला, तेव्हा त्याला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती. लिव्हरपूल त्या वेळी दुसऱ्या विभागात, म्हणजे सर्वोच्च विभागाच्या एक पायरी खाली होतं आणि व्यवस्थापक बिल शँकली यांना येऊन काही महिनेच झाले होते. पोराला जागा मिळाली ती बिली लिडेलची, म्हणजे शहराच्या सर्वांत लाडक्या माणसाची. लिव्हरपूल 4-0 ने जिंकलं. सामना संपल्यावर प्रेक्षक, दोन्ही संघांचे खेळाडू, इतकंच काय रेफरीसुद्धा त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते, असं सांगतात.

पुढची अठरा वर्षं तो तिथेच होता. 1962 मध्ये दुसऱ्या विभागातून वर येताना होता. 1964, 1966, 1973, 1976 आणि 1977 च्या लीग विजेतेपदात होता. 1965 आणि 1974 च्या एफए कपात होता, 1973 आणि 1976 च्या यूईएफए कपात होता. 1977 मध्ये रोममध्ये क्लबने पहिल्यांदा युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकला, तेव्हाही मैदानावर होता. दुसऱ्या विभागापासून युरोपच्या शिखरापर्यंतची सगळी चढण पायाखाली घातलेला तो एकटाच खेळाडू.

आता नाव का ऐकू येत नाही? त्याने कधी गोंगाटच केला नाही. 857 सामन्यांत 68 गोल. इतक्या वर्षांत रेफरीने ताकीद देऊन त्याचं नाव वहीत टिपलं ते एकदाच, तेही अगदी शेवटी, 1978 च्या लीग कप अंतिम सामन्याच्या फेरलढतीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध. इंग्लंडकडून तो 1966 च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध खेळला. त्यानंतर व्यवस्थापक आल्फ रॅम्झी विंगरशिवाय, म्हणजे कडेने हल्ला करणाऱ्या खेळाडूंशिवाय संघ उतरवू लागले आणि याला जागा उरली नाही. पुढची आंतरराष्ट्रीय लढत मिळाली 1977 मध्ये, अकरा वर्षांनी! त्या काळी विश्वचषकाचं पदक फक्त अंतिम सामना खेळलेल्या अकरा जणांना मिळे. उरलेल्यांना ते देण्याचा निर्णय फार उशिरा झाला आणि कॅलाहनच्या हातात पदक पडलं 2009 मध्ये.

तरी त्याची कदर झालीच नाही असं नाही. 1974 मध्ये फुटबॉल पत्रकारांच्या संघटनेने त्याला वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडलं. लिव्हरपूलच्या खेळाडूला तो मान पहिल्यांदाच मिळत होता.

सामन्यांची संख्या सोडा. पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंतचा सर्वांत मोठा काळ कोणाचा?

गोलरक्षक एलिशा स्कॉट. पहिला सामना 1 जानेवारी 1913, शेवटचा 1934 चा फेब्रुवारी, म्हणजे एकवीस वर्षांहून जास्त. सामने मात्र 468 च, कारण मधली 1915 ते 1919 ही चार वर्षं पहिल्या महायुद्धात गेली.

स्कॉट बेलफास्टचा. त्याचा थोरला भाऊ शहरातल्याच दुसऱ्या क्लबचा, एव्हर्टनचा गोलरक्षक होता. 1922 आणि 1923 या लागोपाठच्या दोन लीग विजेतेपदांत लिव्हरपूलचा गोल एलिशाने राखला. एव्हर्टनचा आघाडीचा खेळाडू डिक्सी डीन आणि तो यांची जुगलबंदी शहरभर चर्चेची असे. 1934 मध्ये तो एव्हर्टनला जाणार अशी बातमी फुटली, तेव्हा चाहत्यांनी शहरातल्या वर्तमानपत्राकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पाडला. तो व्यवहार मोडला आणि स्कॉट बेलफास्टला परत गेला, बेलफास्ट सेल्टिकचा खेळाडू-व्यवस्थापक म्हणून.

‘लिडेलपूल’ हे काय प्रकरण आहे?

एक काळ असा होता की लोक क्लबला गमतीने ‘लिडेलपूल’ म्हणत. इतका एकटा बिली लिडेल तो संघ ओढत होता.

स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनजवळच्या टाउनहिल गावातल्या खाणकामगाराचा हा मुलगा. 1938 मध्ये लिव्हरपूलला आला, पुढच्या वर्षी व्यावसायिक करार झाला आणि तेवढ्यात युद्ध सुरू झालं. लिडेल हवाई दलात नेव्हिगेटर झाला. त्याचा पहिला अधिकृत सामना उगवला 5 जानेवारी 1946 रोजी, चेस्टरविरुद्ध एफए कपात, तेव्हा त्याच्या चोविसाव्या वाढदिवसाला पाचच दिवस उरले होते. खेळाडूच्या आयुष्यातली विशी ते पंचविशी म्हणजे सोन्यासारखी वर्षं. त्यातली बरीचशी या हिशेबातच नाहीत. तरीही 534 सामने आणि 228 गोल त्याच्या नावावर आहेत. युद्ध झालं नसतं तर, हा विचार मला दर वेळी चुटपुट लावतो.

1947 चं लीग विजेतेपद त्याच्या वाट्याला आलं. नंतर संघ घसरत गेला आणि 1954 मध्ये दुसऱ्या विभागात उतरला. लिडेल तेव्हा स्कॉटलंडचा आंतरराष्ट्रीय खेळाडू होता. 1947 मध्ये आणि पुन्हा 1955 मध्ये युरोपच्या निवडक संघाविरुद्ध ग्रेट ब्रिटनकडून खेळलेले खेळाडू दोनच, एक स्टॅन्ली मॅथ्यूज आणि दुसरा लिडेल. म्हणजे 1955 मध्ये दुसऱ्या विभागातला एक खेळाडू ब्रिटनच्या सर्वोत्तम अकरांत होता. तो लिव्हरपूलमध्येच राहिला. संघ पुन्हा वर चढला 1962 मध्ये, तोवर त्याने बूट ठेवून दिले होते.

या सगळ्या काळात तो हिशेबनीस म्हणून नोकरीही करत होता आणि 1958 पासून शहराचा मानद दंडाधिकारीही होता. आठवडाभर आकडेमोड करायची आणि शनिवारी डाव्या विंगवरून बचावपटूंना पळवायचं. वेग कमी झाल्यावर त्याला मध्यभागी आघाडीला आणलं, तर तिथेही गोल सुरूच. सप्टेंबर 1960 मध्ये त्याच्या सन्मानार्थ सामना झाला, त्याला 38 हजारांहून जास्त लोक आले होते.

पूर्वी खेळाडूंना क्लब सोडताच येत नव्हता. मग त्यांच्या थांबण्याला निष्ठा का म्हणायचं?

प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूची नोंदणी क्लबच्या मुठीत असे. करार संपला तरी क्लबने ‘याला आम्ही ठेवतो आहोत’ म्हटलं की तो दुसरीकडे खेळू शकत नव्हता. वर पगाराला कमाल मर्यादा होती, अखेरच्या काळात आठवड्याला 20 पौंड. जानेवारी 1961 मध्ये ती मर्यादा उठली, तीही खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी दिल्यावर. 1963 मध्ये जॉर्ज ईस्टहॅम याच्या खटल्यात उच्च न्यायालयाने ती नोंदणीची पद्धत अन्यायकारक ठरवली. पुढे 15 डिसेंबर 1995 ला युरोपीय न्यायालयाने बोस्मन प्रकरणात निकाल दिला आणि करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या देशांमध्ये क्लबला एक पैसा न मोजता मोकळा झाला.

तेव्हा स्कॉट, लिडेल किंवा सुरुवातीचा कॅलाहन यांच्या वर्षांकडे बघताना हे डोक्यात ठेवायला हवं. सगळंच मनाने नव्हतं. पण मग कॅरागर आणि जेरार्ड यांचं वजन आणखी वाढतं. कॅरागरचा पहिला सामना जानेवारी 1997 चा, जेरार्डचा नोव्हेंबर 1998 चा. दोघंही बोस्मननंतरचे. दार सताड उघडं असताना ते घरात राहिले.

सलग सामने खेळण्याचा विक्रम कोणाचा आहे?

फिल नीलचा, सलग 417. ऑक्टोबर 1976 ते सप्टेंबर 1983. तो राइट-बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू होता, तेव्हा दर सामन्यात विंगरच्या मागे धावणं आणि लाथा खाणं आलंच. सात वर्षं एकही सामना चुकला नाही.

1974 मध्ये 66 हजार पौंडांना आणलेला हा खेळाडू म्हणजे व्यवस्थापक बॉब पेझली यांची पहिली खरेदी. 1977, 1978, 1981 आणि 1984 या चारही युरोपियन कप विजयांत तो सुरुवातीपासून मैदानात होता. त्यातल्या 1977 आणि 1984 च्या अंतिम सामन्यांत त्याने गोलही केला. बचावपटू असून! दोन्ही सामने रोममध्येच झाले होते.

आणि क्लेमन्स?

665 सामने, त्यातल्या 323 मध्ये एकही गोल होऊ दिला नाही. 1978-79 च्या हंगामात 42 लीग सामन्यांत लिव्हरपूलवर फक्त 16 गोल झाले, त्यातले घरच्या मैदानावर, म्हणजे अ‍ॅनफील्डवर चार. 1981 मध्ये तो टॉटनहॅमला गेला. पुढे विरोधी संघाकडून अ‍ॅनफील्डवर खेळायला आला, तर तिथल्या कॉप स्टँडमधल्या लिव्हरपूलच्या चाहत्यांनी उभं राहून त्याचं स्वागत केलं.

एका सामन्यातली सर्वांत मोठी जिद्द कोणाची?

याला माझं उत्तर ठरलेलं आहे. जेरी बर्न, 1965 चा एफए कप अंतिम सामना, वेम्बली, समोर लीड्स.

बर्न लेफ्ट-बॅक. लिव्हरपूलमध्येच जन्मलेला आणि लिव्हरपूल सोडून दुसऱ्या क्लबकडून कधीही न खेळलेला. 1957 मधल्या त्याच्या पहिल्याच सामन्यात चेंडू स्वतःच्याच गोलमध्ये गेला होता. शँकली आल्यावर त्याचं नशीब पालटलं.

अंतिम सामना सुरू होऊन तीन मिनिटं होतात न होतात तोच बॉबी कॉलिन्सशी टक्कर झाली आणि बर्नचं कॉलरबोन मोडलं. त्या वेळी बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. बर्न बाहेर गेला तर उरलेला सामना दहा जणांनी खेळायचा. पेझली तेव्हा संघाचे ट्रेनर होते, त्यांना दुखापत कळली. पण समोरच्यांना सुगावा लागला तर ते त्याच बाजूने धडका देतील, म्हणून गोष्ट बाहेर जाऊ दिली नाही. बर्न खेळत राहिला. हात शरीराशी लटकलेला, थ्रो-इन दुसऱ्याने घ्यायचे. नव्वद मिनिटं गोलशून्य गेली. जादा वेळेत डावीकडून धावत जाऊन बर्ननेच चेंडू आत दिला आणि रॉजर हंटने डोक्याने गोल केला. लीड्सने बरोबरी साधली, मग इयान सेंट जॉनने विजयी गोल केला, 2-1. लिव्हरपूलचा तो इतिहासातला पहिला एफए कप.

तीन दिवसांनी अ‍ॅनफील्डवर इंटर मिलानविरुद्ध युरोपियन कपची उपांत्य लढत होती. सामन्याआधी तो चषक मैदानाभोवती फिरवायला दोन जखमी खेळाडू आले, गॉर्डन मिल्न आणि हात झोळीत अडकवलेला बर्न. त्या आवाजातच लिव्हरपूल 3-1 ने जिंकलं.

बर्नचे एकूण सामने 333. पहिल्या दहांत त्याचं नाव नाही आणि असण्याची गरजही नाही.

इतकी वर्षं टिकायला नेमकं काय लागतं?

शरीर धडधाकट लागतं, नशीब लागतं, हे झालंच. पण या सगळ्यांच्या कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट ठळक दिसते. यातले बहुतेक जण मैदानावरची आपली जागा बदलायला तयार झाले.

कॅलाहन विंगर म्हणून आला. 1970 मध्ये गुडघ्याच्या कूर्चेची शस्त्रक्रिया झाली आणि आता संपला असं लोकांना वाटलं. तो परतला तो मध्यफळीत. तिथे पहिल्यापेक्षाही जास्त उपयोगी ठरला. 1974 चा सर्वोत्तम खेळाडूचा मान या दुसऱ्या जन्मातला आहे. टॉमी स्मिथ पोरवयात आघाडीला खेळायचा, मग मध्यफळीत आला, मग बचावात, मग राइट-बॅक. ह्यूज मध्यफळीतून बचावात गेला आणि तिथून 1977 आणि 1978 मध्ये कर्णधार म्हणून युरोपियन कप उंचावला. ख्रिस लॉलर आला तो बचावाच्या मधोमध खेळणारा, पण उजव्या कडेला नेल्यावर त्याने 549 सामन्यांत 61 गोल केले आणि त्यात पेनल्टी एकही नाही.

कॅरागरने सुरुवातीच्या एका सामन्यात अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध गोल केला तो मध्यफळीतून खेळताना. मग व्यवस्थापक जेरार हुलिये यांनी त्याला कधी उजव्या, कधी डाव्या कडेला वापरलं. 2004 मध्ये राफा बेनिटेझ आले, त्यांनी त्याला सामी हूपियाच्या शेजारी बचावाच्या मधोमध उभं केलं, आणि तिथे तो जागतिक दर्जाचा ठरला. तेव्हा तो 26 वर्षांचा होता, मागे आठ हंगाम झालेले होते.

जागा बदलणं बोलायला सोपं. वर्षानुवर्षं कमावलेली ओळख सोडून द्यायची असते, पंचविशीत, तिशीत नव्याने शिकायचं असतं. पुष्कळ गुणी खेळाडू इथे अडतात आणि दुसरा क्लब धरतात. जे थांबले त्यांनी हे केलं, आणि त्यांना ते करू देणारे शँकली, पेझली, बेनिटेझ त्यांना भेटले. दोन्ही बाजू जुळाव्या लागतात.

टॉमी स्मिथ इतका रांगडा, मग 1977 च्या अंतिम सामन्यात गोल त्याने कसा केला?

त्या हंगामानंतर त्याचा थांबायचा विचार होता. फिल थॉम्पसन जखमी झाला म्हणून त्याला संघात जागा मिळाली. 25 मे 1977, रोम, समोर बोरुसिया मोएनशनग्लाडबाख, 1-1 अशी बरोबरी. स्टीव्ह हायवेने कॉर्नर घेतला आणि बत्तीस वर्षांच्या स्मिथने डोक्याने चेंडू जाळ्यात मारला. पुढे नीलची पेनल्टी, 3-1. स्मिथ आणखी एक हंगाम राहिला.

कॅरागर लहानपणी एव्हर्टनचा चाहता होता, हे खरं का?

खरं आहे. लिव्हरपूलला लागून असलेल्या बूटलमध्ये वाढलेला हा मुलगा एव्हर्टनच्या निळ्या रंगाचा कट्टर होता. रंग बदलला, तो मग आयुष्यभरासाठी. सतरा हंगाम तो लिव्हरपूलला राहिला. 2010 मध्ये त्याच्या सन्मानार्थ सामना ठेवला तेव्हा प्रतिस्पर्धी म्हणून एव्हर्टनलाच बोलावलं होतं. त्याने आधी लिव्हरपूलसाठी पेनल्टीवर गोल केला आणि नंतर एव्हर्टनसाठीही एक पेनल्टी मारली.

जेरार्ड चेल्सीला जाणार होता ना?

जवळजवळ गेलाच होता. 2005 च्या जुलैत, इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकल्यानंतर काही आठवड्यांतच, त्याने नवा करार नाकारल्याची बातमी आली. लोक संतापले, काहींनी त्याच्या नावाचे शर्ट जाळले. दुसऱ्या दिवशी त्याने मन बदललं आणि चार वर्षांचा करार केला. मला यात कमीपणा दिसत नाही. ज्याला जायचा मोह कधी झालाच नाही त्याच्यापेक्षा, मोह होऊन थांबलेला माणूस मला जास्त समजतो.

जेरार्ड आणि कॅरागर यांना लीग विजेतेपद कधीच मिळालं नाही. मग त्यांना कॅलाहन-नील यांच्या पंक्तीत बसवावं का?

बसवावं. 1990 नंतर क्लबला लीगसाठी तीस वर्षं वाट पाहावी लागली, 2020 पर्यंत. हे दोघं नेमके त्या दुष्काळातले. 2014 च्या एप्रिलमध्ये विजेतेपद हाताशी आलेलं असताना चेल्सीविरुद्ध जेरार्डचा पाय घसरला, ती जखम चाहत्यांच्या मनात अजून ओली आहे. पण 2001 चे तीन चषक, 2005 चा युरोपचा चषक, 2006 चा एफए कप यांत दोघंही होते. एफए कप, लीग कप, यूईएफए कप आणि चॅम्पियन्स लीग या चारही अंतिम सामन्यांत गोल केलेला जेरार्ड हा एकमेव खेळाडू आहे. शेजारी इतका कमी आधार असताना एवढं करणं मला भरलेल्या संघात मिळवलेल्या पदकाइतकंच मोलाचं वाटतं.

जेरार्ड आणि कॅरागर यांचा एकच सामना पाहायचा असेल तर?

25 मे 2005, इस्तंबूल, समोर एसी मिलान. मध्यंतराला 0-3 असलेला सामना 3-3 कसा झाला ते सगळ्यांना पाठ आहे, जेरार्डचा हेडर, व्लादिमीर श्मित्सर, शाबी अलोन्सो, सगळं सहा मिनिटांत. मी सांगेन, जादा वेळेची तीस मिनिटं पाहा. मिलानने सर्जिन्यो हा ताज्या दमाचा, वेगवान खेळाडू डावीकडे उतरवला होता. त्याला अडवायला राइट-बॅकच्या जागी गेला कोण? कर्णधार जेरार्ड. ज्याने तासभर आधी संघाला उठवलं, तो आता मागे जाऊन क्रॉस अडवत होता. आणि मध्यभागी कॅरागर. पायात गोळे आलेले, एक पाय ताणून चेंडू अडवायचा, पुन्हा खाली पडायचं, कुणीतरी पाय धरून ताणून द्यायचा, पुन्हा उठून पुढच्या चेंडूसमोर पाय घालायचा. पेनल्टीची चुरस नंतरची. सामना वाचला तो इथे.

इयान रश मध्येच जाऊन परत आला, मग त्याला या यादीत धरायचं का?

धरतात. 1987 मध्ये तो युव्हेंटसला गेला आणि एका हंगामाने परतला. दोन्ही पर्व मिळून 660 सामने आणि 346 गोल, क्लबचा आजवरचा सर्वाधिक.

857 चा विक्रम कधी मोडेल का?

मला वाटत नाही. कॅलाहनने अठरा वर्षांत सरासरी 47 हून जास्त सामने खेळले. जेरार्ड सतरा हंगाम राहिला, त्याची सरासरी 42 च्या आसपास येते. त्या गतीने 857 गाठायला त्याला आणखी साडेतीन हंगाम लागले असते आणि तो गेला तेव्हाच पस्तिशीला टेकला होता. आता संघ मोठे असतात, खेळाडूंना आलटून पालटून विश्रांती देतात. जॉर्डन हेंडरसन बारा हंगाम राहिला, कर्णधार म्हणून 2019 चा युरोपचा आणि 2020 चा लीगचा चषक त्याने उंचावला, तरी सामने 492. रॉजर हंटचे होते बरोबर तेवढेच. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड सहाव्या वर्षी अकादमीत आला होता. शहरातलाच मुलगा, पहिला सामना अठराव्या वर्षी, म्हणजे कॅलाहनसारखीच सुरुवात. 354 सामन्यांनंतर 2025 मध्ये तो रिअल माद्रिदला गेला.

खेळणं थांबल्यावरही क्लबमध्येच राहिलेले कोण?

बॉब पेझली आणि रॉनी मोरान.

पेझली 1939 मध्ये बिशप ऑकलंडहून आले. 277 सामने खेळले, 1947 ची लीग जिंकली. 1950 च्या एफए कप अंतिम सामन्यातून मात्र त्यांना वगळलं गेलं. 1954 मध्ये खेळणं थांबवून ते क्लबमध्येच खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करू लागले, मग प्रशिक्षण, मग 1974 ते 1983 व्यवस्थापक. नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप. खेळाडूच्या चालण्यावरून दुखापत ओळखणारा माणूस, असा त्यांचा लौकिक होता.

मोरान हे लेफ्ट-बॅक, 379 सामने, 1964 च्या विजेत्या संघातले. खेळ थांबल्यावर ते प्रशिक्षकांत आले आणि 1998 पर्यंत राहिले. ड्रेसिंग रूमजवळ बूट ठेवायची एक लहानशी खोली होती. सामना झाला की पेझली, जो फेगन, रूबेन बेनेट, मोरान तिथे क्रेटवर बसून चहा नाहीतर आणखी काही घेत, कोण थकलाय, कोणाचा पाय जड पडतोय यावर बोलत. क्लबचे निम्मे निर्णय त्या बूट रूममध्ये झाले असं म्हणायला हरकत नाही. 1993 मध्ये ती पाडून तिथे पत्रकारांसाठी जागा केली. 1992 च्या एफए कप अंतिम सामन्याला तेव्हाचे व्यवस्थापक ग्रॅम सूनेस हृदयाच्या शस्त्रक्रियेतून नुकतेच उठले होते, तेव्हा वेम्बलीच्या मैदानात संघाच्या पुढे चालत गेले ते मोरान.

त्यांची एक आठवण त्या काळचे खेळाडू हमखास सांगतात. नव्या हंगामाचा सराव सुरू व्हायचा, सगळे सुट्टीवरून आलेले. मोरान एक खोका घेऊन ड्रेसिंग रूममध्ये यायचे. आत गेल्या हंगामाच्या लीग विजेतेपदाची पदकं. खोका टेबलावर ठेवायचे, ज्याला आपण कमावलंय असं वाटतं त्याने एक उचला म्हणायचे, आणि सगळ्यांना पळायला बाहेर काढायचे.